हात न लावता

"हात लागला, मास्तर," पडद्यावरची ताई म्हणाली. "गुडघ्यावर टेकलात."

"टेकला का?" मास्तरांनी परत खुर्चीत बसकण मारली. "काय सांगू ताई, पाय ऐकतच नाहीत."

"ऐकतील हो. पाणी प्या जरा."

ताई म्हणजे मास्तरांच्या नातीच्या वयाची मुलगी, पण वर्गात सगळे तिला ताईच म्हणत. रोज सकाळी ती दूरच्या कुठल्याशा गावातल्या आपल्या खोलीतून पडद्यावर यायची आणि घरोघरी खुर्च्या मांडून बसलेल्या म्हाताऱ्यांकडून बसल्या बसल्या योगासनं करून घ्यायची. आज परीक्षा होती. हात छातीवर घ्यायचे आणि कशालाही न धरता खुर्चीतून उठायचं, एवढंच.

दाराआडून सुनेने डोकावलं. "नापास?" तिने नुसत्या ओठांनी विचारलं.

मास्तरांनी हळूच मान डोलावली.

"शाब्बास, बाबा!" आणि ती हसू दाबत स्वयंपाकघरात पळाली.

कारण मास्तरांना चांगलं उठता येत होतं. अगदी टुणकन नाही, पण येत होतं. जन्मभर शिवणयंत्रावर वाकून लोकांचे कपडे शिवले, आणि म्हातारपणी बाथरूममध्ये असे आपटले की मुलाने काखेत हात घातल्याशिवाय संडासला जाता येईना. मुलगा कधी कुरकुरला नाही. पण मास्तर त्या दिवसांत कुणाच्या डोळ्याला डोळा देत नसत. तिथून या पोरीने त्यांना उभं केलं, तेही नुसत्या आवाजाने. "टाचा आत घ्या. नाक पुढे. आता जमिनीला ढकला, मास्तर, जमीन कुठे जात नाही!" आता मास्तर जिना उतरून स्वतः भाजी आणत आणि भाजीवाल्याशी भांडूनही येत. पोरीचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत, असं ते सुनेला येता-जाता ऐकवत.

पंचाईत एवढीच, की ते पोरीला सांगता येत नव्हतं. वर्ग चालवणाऱ्या दवाखान्याचा नियमच तसा. जो उठला त्याचा कोर्स पूर्ण. मागे लायब्ररीवाले उठले, केवढ्या टाळ्या पडल्या! दुसऱ्या दिवशी त्यांची चौकट पडद्यावरून गायब. घरी एकट्याने करायला व्हिडिओ मिळाले म्हणे. अहो, व्हिडिओ काय विचारणार आहे, "मास्तर, काल झोप लागली का?" म्हणून? बायको गेल्यापासून हे विचारणारं दुसरं होतंच कोण? मुलगा-सून चांगली होती, पण त्यांना सकाळी श्वास घ्यायला फुरसत नसायची.

म्हणून मास्तर दर परीक्षेला गुडघ्यावर हात टेकत आणि दिवसभर मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत.

"चला, ड्रायव्हरसाहेब," ताई म्हणाली.

ड्रायव्हरसाहेबांनी दात आवळले, "आई गं" म्हणाले, आणि खुर्चीचा हात धरला. नापास. बँकेतल्या बाईंना उठायच्या आधीच चक्कर आली. सोफ्यावर शेजारी शेजारी बसणाऱ्या दोघी बहिणींपैकी थोरली जागची हललीच नाही. धाकटी बरीच वर आली होती, पण थोरलीने तिच्याकडे एकदा पाहिलं मात्र, ती धपकन खाली बसली.

बिचारे, मास्तरांना वाटलं. हे प्रामाणिकपणे धडपडतायत, आणि त्यांच्यात मी एक ढोंगी बसलोय.

"काही हरकत नाही," ताई म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून करू."

ना राग, ना कंटाळा. इतकी राबते पोरगी, आणि तिला वाटत असेल, आपल्या हातून एकही म्हातारा धड उभा राहत नाही. बस्स झालं! वर्ग सुटला तर सुटू दे. सकाळी खिडकीत बसून कावळ्यांशी बोलू. पण तिला कळलंच पाहिजे.

"ताई," ते घसा खाकरून म्हणाले, "मला एक सांगायचंय. खरं तर दाखवायचंय."

"शेवटचं आसन करू आणि मग दाखवा हं," ती म्हणाली. "हात वर, छाती उघडा, आणि सावकाश मागे..."

ती मागे झुकली आणि तिची खुर्ची सटकली. धाडकन आवाज झाला. पडद्यावर क्षणभर एक पाय दिसला, मग नुसती भिंत.

"ताई!" मास्तर ओरडले. चारी बाजूंनी तोच आरडाओरडा. "अगं लागलं का?" "डोकं बघा तिचं!" "घरात कोणी आहे का रे?" मास्तरांनी दोन्ही हात पडद्याकडे पसरले. एवढीशी काच, पण हात आत घालून तिला उचलता येईना.

"मी ठीक आहे," जमिनीवरून आवाज आला. "घाबरू नका. कोपर खरचटलंय थोडं."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. आणि मग त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं.

एकाही चौकटीत चेहरा नव्हता. नुसती पोटं होती. ड्रायव्हरसाहेबांचा ताणलेला बनियन. बँकेतल्या बाईंचा स्वेटर, खालचं बटण चुकीच्या काजात. दोघी बहिणींच्या दोन कमरा, अगदी शेजारी शेजारी. सगळ्यांचे हात पुढे पसरलेले, कशालाही न धरलेले. आणि कोपऱ्यातल्या चौकटीत मास्तरांचा स्वतःचाच सदरा.

कुणी बसेना.

ताईने खुर्ची सरळ केली, बसली, केस मागे सारले. तिने एकेक चौकट निरखून पाहिली. मग तिने डोळे पुसले.

"माझं नेट गेलं होतं वाटतं," ती म्हणाली. "मला काहीच दिसलं नाही. बसा बरं सगळे, हात टेकून."