पाटीखालचा रंग

जेद्दातल्या गॅरेजमध्ये सौदी मालकाने हौसेने विकत आणलेला ऑस्ट्रेलियन लष्कराचा जुना ट्रक उभा होता. महायुद्धात त्याला होता तोच रंग पुन्हा द्यायचा, असा मालकाचा हट्ट. पेंटर सुफियानने दारावरचा लाल घासून काढला, त्याखालचा पांढरा काढला, तेव्हा कुठे शत्रूला चकवण्यासाठी मारलेले हिरवे-मातकट पट्टे दिसले.

"मिळाला की! यल्ला, रंग मिसळायला घे," जोडीदार चंदन म्हणाला.

"हा उन्हानं विटलाय रे. खरा असा उघड्यावर नाही राहत." सुफियानने दारावरची पत्र्याची जुनी पाटी खोलली. तिच्याखाली तेच पट्टे होते, पण काल मारल्यासारखे ताजे.

दुपारी जेवताना रत्नागिरीहून व्हिडिओ कॉल आला. पाच वर्षांच्या लाइबाच्या हातात अम्मी-अब्बांच्या निकाहचा फोटो होता. तिने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा स्क्रीनकडे.

"अब्बा, हे गोरे अब्बा कुठे गेले?"

सुफियानने हातातला घास ताटात ठेवला, मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि हात कॅमेऱ्यासमोर धरला.

"कुठं नाही गेले, बेटा. हे बघ, इथंच आहेत."