उरलेल्या सहा गोळ्या

“आधी कुठल्या गोळ्या घेतल्या होत्या?” डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरून मान वर न करता विचारलं.

“कुठल्याच नाहीत,” दीर म्हणाला. “साखरेच्या तेवढ्या घेते. त्या मी स्वतः तिच्या हातावर ठेवतो.”

पलंगावर त्याची बायको, घरातली धाकटी सून, दोन पांघरुणांखाली कुडकुडत होती. थोरली जाऊ तिच्या पायथ्याशी उभी होती.

डॉक्टरीणबाईंनी कागद दिराकडे फिरवला. एकाखाली एक औषधांची नावं, आणि प्रत्येकापुढे एक इंग्रजी अक्षर. “हा आर दिसतोय ना, म्हणजे लघवीतला जंतू त्या औषधाला जुमानत नाही. असे अकरा आहेत. शेवटी एक एस आहे. लागू पडलं तर तेवढं एकच.”

“मग ते द्या.”

“ते इंजेक्शन किडनीला सोसत नाही. यांच्या किडन्या साखरेनं आधीच थकल्यात. आणि एकही गोळी न घेतलेल्या बाईचा जंतू इतका निर्ढावलेला सहसा नसतो. नमुन्यातच गडबड असेल. लघवी पुन्हा तपासायला पाठवते, तोवर आहे तेच औषध चालू ठेवू. दोन दिवस लागतील.”

“काढेल ना ती दोन दिवस?”

डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि नव्या तपासणीचा कागद पुढे ओढला.

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. डोळे अर्धवट उघडे होते, पण त्यात ओळख नव्हती. शपथ घालणारीच आता शुद्धीवर नव्हती.

दोघी एकाच शिलाई कारखान्यात, एकाच लाइनीत बसायच्या. धाकटी कॉलर लावायची, थोरली काजं करायची. चाळीस बायकांत संडासला जायचा पास एक, आणि तो हातात येईपर्यंत जीव मुठीत. इथं यायचं तर तहान घरी ठेवून यायचं, असं बायका हसत म्हणायच्या आणि खरंच तसं करायच्या. थोरलीला लघवीला जळजळ सुरू झाली तेव्हा ती सरळ डॉक्टरकडे गेली. पाच दिवसांच्या दहा गोळ्या मिळाल्या. दोनच दिवसांत ती खडखडीत बरी झाली. उरलेल्या सहा तिनं बटणांच्या डबीत टाकल्या.

महिन्याभरानं धाकटीला तेच सुरू झालं. “ह्यांना सांगू नका, जाऊबाई,” ती संडासाबाहेरच्या भिंतीला टेकून म्हणाली होती. “साखर निघाल्यापासून माझा घास न् घास बघतात. हे कळलं तर कामावरही सोडायचे नाहीत. तुम्हाला माझी शपथ.” थोरलीनं डबी उघडली.

आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. रिकामी पट्टी दाखवली की दुकानदार तशीच दुसरी द्यायचा. ती लागू पडेना तेव्हा त्यानं जरा जोराची दिली, मग त्याहून जोराची. असे सात महिने गेले. दर वेळी दुकानात थोरलीच जायची.

“भाऊजी खोटं बोलत नाहीत,” थोरली म्हणाली. “त्यांना माहीत नाही.”

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. थोरलीनं सगळं सांगितलं. दिराकडे बघायचं टाळून, एकेक करून.

“किती वेळा झालं असं?”

“पाच... नाही, सहा.”

“आणि दर वेळी गोळ्या पूर्ण घेतल्या?”

“बरं वाटेपर्यंत.” मग न राहवून ती म्हणाली, “मला तर याच गोळ्यांनी दोन दिवसांत गुण आला हो. दुखणं तेच होतं. अगदी तेच.”

“तुम्हाला साखर नाही.” डॉक्टरीणबाईंच्या आवाजात राग नव्हता. असता तर ऐकायला सोपं गेलं असतं. “यांच्या लघवीत साखर उतरते. जंतूला आयतं खायला मिळतं, आणि यांच्या अंगात त्याच्याशी झुंजायची ताकद कमी. प्रत्येक अर्ध्या औषधातून जे जंतू वाचले, ते असे तयार झाले.” त्यांनी पुढ्यातला कागद फाडला आणि नर्सला हाक मारली. “दुसरा नमुना नको. हे इंजेक्शन आत्ताच्या आत्ता लावा.”

दीर ओरडला नाही. त्यानं बायकोच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, एकदा, आणि मग पुन्हा एकदा.

चौथ्या दिवशी ताप उतरला. धाकटीनं डोळे उघडले, नवऱ्याला ओळखलं, पाणी मागितलं. नर्सनं चमच्यानं घसा ओला करण्यापुरतंच दिलं. पलंगाखाली लावलेल्या पिशवीत आदल्या दिवसापासून दोन बोटंही लघवी जमली नव्हती. डॉक्टरीणबाई वाकून पिशवी बघून गेल्या आणि थोड्या वेळानं परत आल्या.

“जंतू आटोक्यात आला,” त्या म्हणाल्या. “पण किडन्या काम करत नाहीत. उद्यापासून रक्त मशीनवर साफ करावं लागेल.”

“किती दिवस?” दिरानं विचारलं.

“दिवसांचा हिशोब नका धरू.”

त्या गेल्या. पलंगाच्या एकाच बाजूला दोन स्टुलं होती. एकावर दीर, दुसऱ्यावर थोरली. धाकटी पुन्हा झोपी गेली होती. चार दिवसांत दीर थोरलीशी एक शब्द बोलला नव्हता. आता समोर बघतच त्यानं विचारलं, “वहिनी, तुम्हाला ते पुन्हा कधी झालं नाही?”

“नाही.”

“एकदाही?”

“नाही, भाऊजी.”

त्यानं मान डोलावली. मग उठला, आपलं स्टूल उचललं, आणि आवाज न होऊ देता पलंगाच्या पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवलं.