त्रास देण्याची गरज नाही

तिन्ही न्यायाधीश आत आले तशी मीनल शिराळकर उठून उभी राहिली. लंडनच्या अपील कोर्टात वकील म्हणून तिची ही पहिलीच केस. लीड्सहून तिच्याबरोबर आलेली तिची आई, डॉक्टर शैला, मागच्या बाकावर मुठी आवळून बसली होती.

वर आरोपीच्या कठड्याआड तिची अशील मॉरीन उभी होती, शेजारी तुरुंगाची ऑफिसर. मॉरीनच्या मुलानं, केव्हिननं, गाडी एका भिंतीवर घातली होती. "मीच चालवत होते," असं तिनं पोलिसांना सांगितलं. खोटं उघडं पडलं आणि लीड्सच्या जजनं तिला नऊ महिन्यांसाठी तुरुंगात धाडलं. ही शिक्षा कमी करा, एवढंच मीनलला मागायचं होतं.

तिनं घसा साफ केला. "माय लॉर्ड्स..."

"मिस शिराळकर," मधले न्यायाधीश म्हणाले, "तुम्हाला त्रास देण्याची गरज नाही. बसा."

मीनल बसली. तिचे कान लाल झाले.

"अहो, बोलू तरी द्या पोरीला!" शैला मराठीत पुटपुटली, तेही इतक्या मोठ्यानं की पुढच्या रांगेतले दोन विगवाले वकील मागे वळले.

न्यायाधीश वाचू लागले. गुन्हा गंभीर. तुरुंगही योग्यच. पण इतका काळ नको. भोगली तेवढी शिक्षा पुरे. सुटका आजच.

मॉरीन तशीच उभी. ऑफिसरनं तिला मायेनं कोपरानं ढोसलं. "घरी जायचंय तुला, लव्ह."

बाहेर पॅसेजमध्ये शैलानं लेकीचे दोन्ही खांदे धरले. "मग तुला बोलू का दिलं नाही गं?"

"आई, मी लिहिलेलं वाचूनच त्यांना पटलं होतं! बोलायची गरजच नाही पडला!"

"पडली," शैला म्हणाली, आणि रडता रडता हसायला लागली.

तासाभरानं मॉरीन कोर्टासमोरच्या रस्त्यावर, स्ट्रँडवर आली. अंगात कोट नाही, हातात कपड्यांची प्लॅस्टिकची पिशवी. "फोन कुठंय?" म्हणत ती धावतच सुटली. शैला पर्स उघडत तिच्यामागे. लाल बूथमध्ये नाणं तिनंच टाकलं.

तिकडे लीड्सला केव्हिननं फोन उचलला. "हॅलो? हॅलो, कोण?"

मॉरीननं पाठीनं बूथचं जड दार ढकललं आणि वायर पुरेल तितका रिसीव्हर बाहेर धरला, बसच्या, टॅक्सींच्या, माणसांच्या गलक्यात.

"ऐक!" ती ओरडली. "ऐक रे, केव्हिन!"