ऑर्व्हलचं तोंड

“पायरी आहे. दोन आहेत. आता डावीकडे,” असं बोलत बोलतच म्हातारा डोनटच्या दुकानामागच्या खोलीत शिरला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नकली होता. बायकोचा दंड धरून तो खुर्चीपर्यंत आला, तिला बसवलं, मग स्वतः बसला.

गाडी सुरक्षित चालवायला शिकवणारा शनिवारचा वर्ग होता, सकाळी आठ ते दोन. वाहतुकीचा नियम मोडल्याची पोलिसाची चिठ्ठी हातात पडलेले अकराजण आले होते. मिस लव्हर्न गेली नऊ वर्षं हा वर्ग घेत होती आणि सुरुवात नेहमी एकाच गोष्टीने करायची. दंड भरून सुटका होत नाही, हे ती आधी सांगायची. चिठ्ठीची नोंद विमा कंपनीला दिसते आणि हप्ता तीन वर्षं वर चढून बसतो. इथं सहा तास बसून परीक्षा दिली, की कोर्ट चिठ्ठी रद्द करतं आणि कंपनीच्या कानावर काही जात नाही.

मग तिने प्रत्येकाला आपापलं पाप सांगायला लावलं. म्हातारीचं नाव नेल्डा स्टब्स. बँकेसमोर थांबायची पाटी होती, ती थांबली नाही.

“त्या दिवशी माझी दाढ काढली होती,” शेजारून नवरा म्हणाला. त्याचं नाव ऑर्व्हल. “तोंडात कापसाचा बोळा. मी नुसता ऊं-ऊं करत राहिलो आणि ही गेली सरळ.”

“म्हणजे काका, तुमचं तोंड बंद झालं की काकूंना दंड होतो?” मागे बसलेल्या ट्रकवाल्याने विचारलं.

“तसंच समज.”

सगळे हसले. मिस लव्हर्न हसली नाही. तिचा नवरा ड्यूई बावीस वर्षं तिच्या शेजारी बसून तोंडाने गाडी चालवत आला होता. हळू घे, वळव, दिवा बघ. तो गेला तेव्हा ती रडली होती, अगदी मनापासून. पण दफनभूमीतून एकटी परत येताना गाडीत जी शांतता होती, ती तिला अजून आठवत होती.

ऑर्व्हल तर ड्यूईच्या वरचढ निघाला. भिंतीवर अपघातांचा सिनेमा चालू होता आणि हा बायकोच्या कानाशी लागला होता. लाल गाडी आली, ब्रेक दाबला, गेली खड्ड्यात. दोनदा गप्प करावं लागलं.

दहा वाजता कॉफीची सुट्टी झाली. मिस लव्हर्न मुद्दाम नेल्डाजवळ जाऊन बसली.

“कप तुझ्या उजव्या हाताशी आहे. गरम आहे,” ऑर्व्हल म्हणाला.

“तिला कळतं, मिस्टर स्टब्स.”

नेल्डाने कपाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि हळूहळू सगळं सांगितलं. ही दुसरी चिठ्ठी होती. आणखी एक नोंद झाली तर विमा पुढे चालवणार नाही, असं कंपनीचं पत्र आलं होतं. विमा नाही तर गाडी नाही. ऑर्व्हलच्या किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा रक्त धुवायला एकतीस मैल जावं लागे, आणि त्या रस्त्याला बस नव्हती. ह्यूस्टनला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने दोघांसाठी वृद्धाश्रम बघून ठेवले होते. त्याच्यासाठी एक, हिच्यासाठी दुसरा.

“बावन्न वर्षं झाली लग्नाला,” नेल्डा म्हणाली. “आता कुठे वेगळं व्हायचं?”

“ते गाडी चालवत नाहीत?”

“पाय गेला तेव्हा परवाना त्यानेच परत केला. दुसऱ्या कुणाला मारायचं नाही म्हणाला.”

मिस लव्हर्नने तेव्हाच मनात ठरवलं, ही बाई पास झाली पाहिजे. तेही नवऱ्याच्या मदतीशिवाय.

परीक्षेच्या वेळी तिने ऑर्व्हलला बाहेर काढलं. तो दारात घुटमळला, पण गेला. नेल्डा म्हणाली, चष्मा घरी राहिला. दर वर्गात दोघातिघांचा तरी राहतोच. नियमाप्रमाणे मिस लव्हर्नने प्रश्न वाचून दाखवले. पावसात पुढच्या गाडीपासून अंतर किती? टायर फुटला तर ब्रेक की स्टिअरिंग? नेल्डा मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून एकेक उत्तर देत गेली. कुठेही अडली नाही.

पंचवीसपैकी पंचवीस. नऊ वर्षांत असं कुणाला जमलं नव्हतं.

“सही कुठे करू?”

मिस लव्हर्नने प्रमाणपत्रावर बोट टेकवलं. नेल्डाने त्या बोटाला लागूनच सही केली. एक प्रत कोर्टाची, एक विमा कंपनीची. तिच्यात चिठ्ठीचा उल्लेख नसतो, उलट ती दाखवली की हप्त्यात सूटही मिळते, असं सांगत मिस लव्हर्नने दोघांना दारापर्यंत आणलं. प्रमाणपत्र अजून तिच्याच हातात होतं.

“सगळी उत्तरं बरोबर, मिस्टर स्टब्स. तुमच्याविना. आता गाडीत बसलात की तोंडातून एक शब्द काढायचा नाही. कबूल?”

“आणि नाही म्हटलं तर?”

“तर ही सही खोडते.”

तिने पेनाचं टोपण काढलंसुद्धा. ऑर्व्हलने कागदाकडे पाहिलं, मग बायकोकडे. मान डोलावली, तेव्हा तिने कागद त्याच्या हातात दिला.

बाहेर दोन वाजताचं टेक्सासचं ऊन होतं. त्यांची जुनी पिकअप दुकानाकडे तोंड करून उभी होती, दोन्ही काचा खाली. म्हातारा शब्दाला जागतो का हे बघायला मिस लव्हर्न बाहेर आली आणि बंपरपासून चार हातांवर, अगदी समोर उभी राहिली. अंगात वर्गात घालायचं भडक नारिंगी जाकीट तसंच होतं.

ऑर्व्हलने तोंड उघडलं. तिने हसून ओठांवर बोट ठेवलं. त्याने तोंड मिटलं. त्याच्या कपाळावर घाम डवरला होता.

इंजिन सुरू झालं. मिस लव्हर्नने नेल्डाकडे बघून हात हलवला. नेल्डाचा चेहरा तिच्याकडेच होता. ब्रेकवर पाय ठेवून तिने गियर पुढे टाकला आणि क्षणभर वाट पाहिली.

“ऑर्व्हल,” तिने विचारलं, “समोर कोणी आहे का रे?”