कॉलरबाई

मास्तरांनी दोरीवरचा पहिला सदरा काढला आणि आधी तो उलटा केला. सुलट बाजू गिऱ्हाइकासाठी, उलट बाजू माझ्यासाठी, असं ते कपड्यांच्या कारखान्यात म्हणायचे. उलट बाजूला चूक सापडली की खडूने फुली मारायचे. नाही सापडली तर काहीच म्हणायचे नाहीत. त्यांच्या तोंडून "छान" हा शब्द ऐकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता.

खडू आजही त्यांच्या बोटांत होता. कॉलरबाई आपल्या घरातल्या शिलाई मशीनला टेकून त्या खडूकडे बघत होती.

कारखान्यात कुणी बाह्या जोडायचं, कुणी खिसे, कुणी नुसती काजं करायचं. तिने बावीस वर्षं फक्त कॉलरी शिवल्या. तिच्या निरोपाच्या दिवशी मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "कॉलर शिवावी तर हिने. पण अख्खा कपडा हिच्याकडे मागू नका." सगळे हसले होते, तीही हसली होती. घरी येऊन मात्र तिने ट्रंक उघडली.

ट्रंकेत बावीस वर्षांचं कापड होतं. दर वर्षअखेरीला ताग्यांची उरलेली टोकं कामगारांत वाटली जायची. बाकीच्या बायकांनी त्यांचे पडदे केले, उश्यांचे अभ्रे केले, हिने साठवली. झाकण बसेना, म्हणून कडी लावायच्या वेळी नवऱ्याला वर बसावं लागायचं. आज तो त्याच ट्रंकेवर बसून चहा पीत होता आणि खालून ट्रंक रिकाम्या डब्यासारखी वाजत होती. निरोपानंतरच्या वर्षभरात तिने दोऱ्याशिवाय काही विकत आणलं नव्हतं. दोरीवर नऊ कपडे होते, नऊही तिने कापलेले, तिने शिवलेले आणि तिच्याच मापाचे. मास्तरांना तिने स्वतः जाऊन बोलावलं होतं.

शितावरून भाताची परीक्षा करणारे ते नव्हतेच, सगळं पातेलं उपसायचे. शिवण खिडकीच्या उजेडात धरली, नखाने खरवडली, दोन्ही हातांनी ताणली. टाका सुतासारखा सरळ होता. कडा आत दुमडून बंद केलेल्या होत्या. कोटाच्या खिशाशी मात्र ते थांबले आणि फुली मारली.

"अस्तर ढिलं आहे."

"आहे," ती म्हणाली. तिचे कान तापले.

रात्रीचा गाऊन हातात आल्यावर मास्तरांनी चष्मा वर केला. "गाऊनलाही कॉलर? झोपेत कुणाला मुलाखत द्यायची आहे?"

"मी तर आंघोळीचा टॉवेल लपवून ठेवलाय," नवरा म्हणाला. "म्हटलं, त्यालाही लावायची."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळे कपडे चाळले. सदऱ्यांना कॉलर, झग्यांना कॉलर, स्वयंपाकाच्या एप्रनलासुद्धा कॉलर.

"नऊच्या नऊ," ते म्हणाले. "बाई, गळा चुकला की वर कॉलर बसवून झाकता येतो. कॉलरीच्या आत काय आहे ते कोण बघतंय? उघडा गळा शिवायला अख्ख्या कपड्याचा हात लागतो. मी तेव्हा बोललो होतो ते उगाच नाही."

नवऱ्याने कप खाली ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. एवढ्या उकाड्यात तिने सकाळपासून गळ्याला रुमाल गुंडाळला होता. का, ते त्याला ठाऊक होतं.

"अगं, सोड आता," तो हळूच म्हणाला.

तिने रुमाल सोडला.

अंगात निळा झगा होता. गळा गोल आणि उघडा. ना कॉलर, ना झालर, नुसती आत वळवलेली कड. मास्तर जवळ आले आणि चष्मा नाकावर ओढून बघत राहिले.

"हा कुठून घेतलास?"

"ट्रंकेतून."

"थट्टा नको."

"ट्रंकेतूनच, मास्तर. तळाशी होता. पहिल्या वर्षी मिळालेला तुकडा. एवढाच होता. चुकीचा कापला असता तर दुसरा नव्हता."

"वळ."

ती वळली. मास्तरांनी मानेमागची कड बोटाने जराशी उलटी केली. आतल्या बाजूला सुईची जुनी बारीक भोकं दिसत होती.

"कितीदा उसवलास?"

"अकरा वेळा."

खडू तिच्या मानेमागे होता. तो कापडाला टेकतोय का, एवढंच तिला कळत होतं. टेकला तर हा दहावा कपडाही गेला आणि चारचौघांतलं ते वाक्य जन्मभर खरं ठरलं.

खडू टेकला नाही. मास्तर मागे सरले, मशीनपाशी गेले आणि खडू तिच्या कात्रीशेजारी ठेवला.

"राहू दे इथेच," ते म्हणाले. "कापड कापताना लागेल तुला." मग चहाही न घेता चपला घालायला लागले. "त्या अस्तराचं बघ तेवढं."

तिला रडू येईलसं वाटलं होतं, पण आलं ते हसू, आणि आवरता आवरेना. बावीस वर्षांच्या सवयीने तिचा हात कॉलर नीट करायला मानेपाशी गेला. तिथे काहीच नव्हतं. हात तसाच राहिला, उघड्या गळ्याच्या कडेवर.

ट्रंकेवरून नवरा ओरडला, "मास्तर, जाता जाता हिची मानही बघून जा! कॉलर नाही, तरी किती ताठ आहे!"