भावाचा फेटा

नवा कायदा बापाच्या वावरात लेकीला लेकाइतकाच वाटा देत होता, पण गावाची वहिवाट जुनीच होती. भावानं साडी द्यायची, बहिणीनं गुमान हक्कसोडीवर सही करायची. काकासाहेब मोरपंखी साडी घेऊन कन्नडच्या तालुका कचेरीत आला, तशी बहिणीनं ती कौतुकानं खांद्यावर घेतली. मग पिशवीतून गुलाबी फेटा काढून भावाच्या डोक्याला बांधला. काकासाहेबानं खिडकीच्या काचेत बघून मिशीला पीळ दिला. "लई शोभतोय. आता कर सही," ती म्हणाली. "मी कशापायी?" "साडी घेतल्यावर माझा हक्क सुटतो, मग फेटा बांधल्यावर तुझा सुटत नाय व्हय?" रांगेतल्या बाया खुदकन हसल्या. काकासाहेब घाईघाईनं फेटा सोडू लागला. "राहू दे रं, आहेर माघारी देत नसतात. उद्या मी साडी नेसून येते, तू फेटा बांधून ये. वावराच्या मधोमध बांध घालू."