वेठ्यो

"'संसार हसतमुखाने माण्यो', असंच कोरायचं," म्हणत मनहरने घराच्या अंगणात ठेवलेल्या शिळेवर खडूने लिहिलेल्या शेवटच्या शब्दावर बोट टेकवले. दिवंगत आईच्या, बाच्या नावाची पाणपोई सिहोरच्या बाजारात बांधून झाली होती. अडले होते ते या एका गुजराती क्रियापदापाशी.

त्याची बहीण विलास पुढे झाली आणि तिने तो शब्द पदराने पुसून टाकला.

"मजेत उपभोगायला बा काय वरातीत आली होती? 'वेठ्यो' लिहा, जगमलभाई."

पाथरवटाने छिन्नी खाली ठेवली. "घरात ठरवून घ्या, बेन. एकदा खोदलं की ते पदराने निघत नाही."

"बरं, 'सह्यो' लिहू," मनहर नमते घेत म्हणाला. "तोही सोसण्याचाच शब्द. पण 'वेठ्यो' म्हटलं की त्यात वेठ आली, फुकटची, जबरीची राबणूक. सगळा बाजार वाचणार आहे."

"सहणारा आपण होऊन सहतो, भाई. बाला कोणी विचारलं होतं?"

ओसरीतला त्यांच्या वडिलांचा, बापूजींचा झोपाळा थांबला. "माझ्या घरात तिला काय कमी होतं? बोल ना. शहाणी झालीस!"

विलासचा आवाज चढला नाही. तो खाली उतरला, आणि म्हणूनच मनहरने मान फिरवली.

"तिचे वडील गेल्याचा निरोप आला, तेव्हा तुमच्या पाहुण्यांची पंगत बसली होती. शेवटचा माणूस हात धुऊन उठेपर्यंत तुम्ही तिला निघू दिलं नाहीत. ती वाढत राहिली. माहेरी पोचली, तेव्हा चिता विझली होती. याला कोणतं क्रियापद लावता, बापूजी? तुम्ही सांगाल तेच कोरून घेते."

हातातल्या बशीतला उरलेला चहा बापूजींनी सावकाश संपवला आणि कोणाकडेही न पाहता रिकामी बशी नेहमीसारखी बाजूला, हवेत धरली.

मनहरची बायको कोकिला मघापासून किटली घेऊन उंबऱ्याशी उभी होती. तिचे पाऊल सवयीने उचलले गेले. मग ती थबकली. डोईवरचा पदर नीट करून तिने किटली खाली ठेवली आणि ती तिथेच उंबऱ्यावर बसली.

बापूजींचा हात तसाच लांबलेला राहिला.